गाळा नंतर, आधी टेबल: रेडिओचं काम शिकणाऱ्यासाठी

रेडिओचं काम शिकायला आलेला मुलगा हात बसायच्या आतच विचारतो, "काका, गाळा केवढ्याला मिळेल?" गाळ्याचं नंतर बघू. कारागीर घडतो तो दुकानाआधीच्या वर्षांत, आणि ती वर्षं कशी काढायची तेच इथे लिहितोय.

सत्तरच्या दशकात मी नाशिकला रविवार कारंजाजवळ एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. पगार नावापुरता, पण दिवसभर उघडे सेट डोळ्यांसमोर: मर्फी, फिलिप्स, बुश, नेल्को. व्हॉल्व्हचे (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे) जड सेट अजून येत होते आणि ट्रान्झिस्टरही घरोघरी पोचले होते. सातपूरच्या आयटीआयचं सर्टिफिकेट असलं तर उत्तमच, तरी त्यानंतर कुणाच्या तरी शेजारी बसावंच लागतं. उस्ताद निवडताना एवढंच बघ, सेट उघडल्यावर तो आधी पार्ट बदलतो की आधी मोजतो. मोजणाऱ्याकडे राहा, चार पैसे कमी मिळाले तरी.

हत्यारं थोडीच लागतात. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०-४० सोल्डर, नोज प्लायर, कटर, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर. पहिली साठवलेली रक्कम मात्र व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणाऱ्या मीटरवर घाल. मीटर बनवणारे मोटवाने तर आपल्या नाशिकरोडचेच. त्यांचा काट्याचा मीटर हातात आला तेव्हा मला नोकरी लागल्याएवढा आनंद झाला होता. सिरीज बोर्ड घरी बनव: १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या वाटेत येईल असा जोडायचा. ट्रान्सफॉर्मरचा सेट लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर.

आता जिवाची गोष्ट. जुन्या एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या लाइटवर चालणाऱ्या) सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, लाइटची एक वायर थेट चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेली असते. पिन उलटी बसली की सगळ्या चासीवर २३० व्होल्ट येतात. बाहेरून कळत नाही, कारण कॅबिनेट लाकडाचं किंवा बॅकेलाइटचं आणि नॉब प्लास्टिकचे. व्हॉल्व्हवरचे नंबर वाच. यूसीएच, यूबीएफ, यूसीएल असे 'यू'ने सुरू होत असतील तर सेट त्या जातीचा समज. ईसीएच, ईबीएफ असतील तर बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो, तरी डोळ्यांनी बघून खात्री कर. सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये (वीज साठवून सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये) चार्ज राहतो. हजार-दोन हजार ओहमच्या जाड रेझिस्टरने तो उतरव, मीटरने शून्य बघ, मगच हात घाल. एक हात खिशात ठेवायची सवय उस्तादांनी लावली. आज माझ्याकडे बसणाऱ्या प्रत्येकाला मी तीच लावतो.

दोष शोधायचा तो स्पीकरकडून एरियलकडे, उलट्या वाटेने. बॅटरीचा ट्रान्झिस्टर घे. आधी सेलच्या पट्ट्या बघ, हिरवा गंज बसला असेल तर घासून साफ कर. निम्मे सेट इथेच बोलतात. मग मीटर मिलिअँपिअरवर ठेवून बॅटरीच्या वाटेत घाल. आवाज बंद असताना लहान सेट साधारण १० ते २० मिलिअँपिअर घेतो. काहीच घेत नसेल तर वाट तुटलेली आहे, शंभरावर गेला तर आउटपुटच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ट्रान्झिस्टरांकडे बघ. आकडा ठीक असेल तर व्हॉल्यूम पूर्ण वाढव आणि स्क्रू ड्रायव्हरच्या धातूला बोट लावून कंट्रोलच्या मधल्या टोकाला टेकव. स्पीकरमधून घरघर किंवा टकटक आली तर तिथून पुढचा सगळा भाग जिवंत आहे, दोष मागे. नाही आली तर पुढे. (हे फक्त बॅटरीच्या सेटवर. लाइटच्या सेटवर असं बोट लावायचं नाही.) अर्धा सेट असा एका मिनिटात बाजूला होतो.

त्यानंतर व्होल्टेज मोज. एसी १२८ सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास मिळतं, सिलिकॉनमध्ये ०.६. जुन्या पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये ग्राउंड बहुधा प्लस असतो, तेव्हा मीटरची लाल पिन चासीला.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये कपलिंग कंडेन्सरवर (एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देणाऱ्या) आधी संशय घे. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात राहिलेल्या सेटचे कागदी कंडेन्सर हमखास गळतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकावर, प्लस व्होल्ट दिसले तर गळती धरून चाल. कंडेन्सर न बदलता नवा व्हॉल्व्ह घातलास तर तोही तापून जाईल, शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल.

आयएफच्या (सेटमधल्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) कॉइलमधल्या कोअरना, म्हणजे फिरणाऱ्या गाभ्यांना, उगाच हात लावू नकोस. ४५५ किलोहर्ट्झचा सिग्नल देणारं जनरेटर नसेल तर त्या आहेत तशा राहू देत. फिरवायच्याच झाल्या तर बांबूची तासलेली काडी वापर, लोखंडाने ट्यूनिंग हलतं आणि कोअर फुटते. स्टेशनं डायलवर आणायला आम्ही खाली मुंबईचं ५५८ आणि वर विविध भारतीचं ११८८ किलोहर्ट्झ धरायचो. खालचं ऑसिलेटर कॉइलच्या (स्टेशनची जागा ठरवणाऱ्या) कोअरने, वरचं तिच्याच ट्रिमरने, म्हणजे स्क्रूने फिरणाऱ्या छोट्या कंडेन्सरने. डायलची दोरी काढण्याआधी तिची वाट कागदावर काढ.

गिऱ्हाईक टेबलावरच जोडलं जातं. माझं टेबल एका सायकलवाल्याच्या दुकानात कोपऱ्याला होतं, भाड्याऐवजी कमाईतला हिस्सा. बुधवारच्या बाजाराला निफाड-दिंडोरीकडची माणसं सेट टाकून जायची आणि पुढच्या बुधवारी न्यायची. म्हणून वहीत नाव, गाव, सेटचा नंबर, तक्रार त्यांच्याच शब्दांत, आणि वायदा लिही. खर्च आधी सांग, वाढणार असेल तर विचारल्याशिवाय काम करू नकोस. काढलेला पार्ट पाकिटात घालून परत दे. आमच्या धंद्यावर लोकांचा मोठा संशय, की हे चांगला माल काढून घेतात. तो संशय त्या पाकिटाने जातो.

मालासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड. १९७५ साली पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि सकाळी जाऊन रात्री घरी येणं जमू लागलं. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड. जुना पार्ट नमुन्याला बरोबर ने, तोंडी नंबरावर विसंबू नकोस. सणासुदीला मंडपाचे अँप्लिफायर नि कर्णे दुरुस्त कर, रेडिओ कमी येतात त्या महिन्यांत त्यावरच घर चालतं.

गाळा कधी घ्यायचा? सायकलच्या दुकानात शिरणारा माणूस सायकलवाल्याला न विचारता थेट तुझ्या नावाने हाक मारायला लागला, आणि पावसाळ्याच्या मंद महिन्यांतही हिस्सा देऊन गाळ्याच्या भाड्याएवढे उरायला लागले, की मग बघ. मेन रोडची दर्शनी जागा नको, आतली गल्ली चालेल. मात्र अर्थिंग नीट करून घे, आणि टेबल खिडकीपाशी लाव, उजेड डाव्या बाजूने यायला हवा.