शिफ्टची नोंद लिहायला कॉलेजातच शिका

इंजिनिअरिंगच्या मुलांना कम्युनिकेशन म्हटलं की ग्रुप डिस्कशन, पीपीटी आणि फाडफाड इंग्रजी आठवतं. ते मुलाखतीपुरतं. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत लागलात की हातात येतं लॉगबुक, म्हणजे शिफ्टच्या नोंदींची वही. तुम्ही घरी गेल्यावर, तुम्हाला फोन न लावता, पुढच्या शिफ्टचं काम चाललं पाहिजे. लिहायचं ते एवढ्यासाठी.

नवखा लिहितो : 'पंप गरम होत आहे, लक्ष ठेवणे.' कुठला पंप? किती गरम? लक्ष ठेवून करायचं काय? तीच नोंद अशी लिहा :

'कूलिंग वॉटर पंप २, मोटरकडचं बेअरिंग. स. १०.४० : ७८ अंश से. (शेड ४४). काल याच वेळी ६२ (शेड ४३). आवाज नाही. ग्रीस भरलेलं नाही. १२.०० ला पुन्हा मोजणे. ८५ झाल्यास पंप १ सुरू करून २ बंद करणे, मेंटेनन्सला कळवणे.'

शेडचं तापमान मुद्दाम लिहिलंय. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. ते नसेल तर बेअरिंग बिघडलं की ऊन वाढलं, कळत नाही. काम केलं की नाही, दोन्ही लिहाच. नाहीतर पुढचा भरलेल्यावर पुन्हा ग्रीस भरतो, आणि जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापतं. ८५ सारखी मर्यादा त्या पंपाच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

एकक कधीही गाळू नका. दाब मोजायच्या गेजवर बार आणि पीएसआय अशी दोन्ही एककं असतात. ७ बार म्हणजे सुमारे १०० पीएसआय. १९९९ मध्ये नासाने मंगळाकडे पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान हातचं गेलं ते अशाच घोळामुळे : एका सॉफ्टवेअरचे आकडे पाउंड-सेकंदात, दुसऱ्याने धरले न्यूटन-सेकंदात.

फिटरशी बोलताना त्याच्या भाषेत, मराठी किंवा हिंदीत बोला. 'समजलं का?' विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. 'दादा, आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करणार?' असं विचारा. चूक तिथल्या तिथे सापडते.

सराव कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्येच होतो. पंपाची चाचणी अर्ध्यावर थांबवा, १० ओळींत नोंद लिहा आणि दुसऱ्या बॅचच्या मित्राला द्या. उरलेली चाचणी त्याने तुमच्या कागदावरून करायची. तुम्ही गप्प बसायचं. तो जे जे विचारेल ते समासात लिहून ठेवा. पुढच्या नोंदीत त्या प्रश्नांची उत्तरं आधीच हवीत.