काचबिंदूचे ड्रॉप्स घालताय? मग या चुका टाळा

आईला काचबिंदू, म्हणजे बहुधा डोळ्यातलं प्रेशर वाढून नजरेची नस हळूहळू खराब होते तो आजार, निघाला तेव्हा पहिल्याच महिन्यात आम्ही दोन-तीन घोळ घातले, कारण ते लॅटानोप्रोस्टचे ड्रॉप्स आत जाऊन करतात काय हेच कोणाला माहीत नव्हतं.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं, अश्रू नाही, वेगळं, आणि ते बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरतं. त्या जाळीत कोलॅजन, म्हणजे शरीरातलं चिवट धाग्यांचं प्रोटीन, वगैरे साठत राहतं आणि एमएमपी नावाची एन्झाइम्स ते कुरतडून वाट मोकळी ठेवतात, मोरीच्या जाळीवरचे केस काढावे ना तसंच. ती कमी पडली की पाणी तुंबतं, प्रेशर चढतं. गंमत म्हणजे यातलं पहिलं एन्झाइम 1962 मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या गळणाऱ्या शेपटीत सापडलं!

आता टिश्यू खाणारं एन्झाइम म्हटलं की लोक घाबरतात, मामाने तर विचारलं की ते बंद करायची गोळी नाही का मिळत. अरे बाबा, डोळ्याच्या मागच्या नसेपाशी ती जास्त झाली तर त्रास असू शकतो, पण पुढे निचऱ्याला ती हवीच आहेत. लॅटानोप्रोस्ट तर डोळ्याच्या आतल्या एका स्नायूत हीच एन्झाइम्स वाढवतं, स्नायूच्या धाग्यांमधली जागा सैल होते आणि पाणी तिकडूनही झिरपायला लागतं. पचनाच्या एन्झाइमच्या गोळ्यांचा इथे काही संबंध नाही, उगाच घेत बसू नका.

ही सगळी साफसफाई हळूहळू होते, पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. आईने आठव्या दिवशी "दिसण्यात काडीचा फरक नाही" म्हणून बाटली ठेवून दिली, पण ड्रॉप्सने गेलेली नजर येत नसतेच, आहे ती टिकवायची असते. मग घाबरून सकाळ-संध्याकाळ घालायला लागली. तेही चूक, दिवसातून एकदाच, शक्यतो रात्री, जास्त वेळा घातलं तर असर उलट कमी होतो. एक थेंब पुरे, दुसरा गालावरच येतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र डोळे खाजले म्हणून मेडिकलमधून मनानेच स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणणं. स्टेरॉइड ही एन्झाइम्स दाबतं, जाळीत कचरा साचतो आणि काहींचं प्रेशर काही आठवड्यांत भसकन वर जातं, तेही दुखत नाही त्यामुळे कळतच नाही. आमच्याकडे अशी एक जुनी बाटली फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी पडून होती, आईच्या नव्या बाटलीला अगदी चिकटून, झाकणाचा रंगही तोच. ती त्याच दिवशी फेकली.