वाडीत वळवळणारं नेमकं काय, हे ओळखायचं कसं

पाऊस धरला की आमच्या वाडीत न्हाणीपासून विहिरीपर्यंत काहीतरी वळवळत असतं आणि दोन दिवसांआड कुणीतरी हाक मारतं, "काकू, हे बघा हो काय!" गुहागरकडे आमची सुपारी-नारळाची वाडी आहे आणि गांडूळखताच्या दोन टाक्या मी सांभाळते. त्यामुळे वळवळणारं सगळं माझ्याच खात्यात जमा होतं.

आधी लांबी आणि रंग विसरा, तिथेच सगळे फसतात. पांढऱ्या ताटलीत दोन चमचे पाणी घ्या, झावळीच्या हिरकुटाने त्याला अलगद उचलून आत सोडा आणि चालतो कसा ते मिनिटभर बघा.

पाय दिसले तर तो कृमी नव्हे. खतात अंगठ्याएवढी पांढरी, तपकिरी डोक्याची, वाकून पडलेली अळी सापडते. तिला डोक्यामागे सहा पाय असतात. ती गेंड्या भुंग्याची. पुढे हाच भुंगा माडाचा कोंब पोखरतो आणि नव्या झावळ्या कात्रीने कातरल्यासारख्या निघतात. वेचून कोंबड्यांना घाला, दयामाया नको.

पाय नाहीत, पण अंग कोरडं, चकचकीत, खवल्यांचं आहे आणि मधूनच बारीक जीभ बाहेर येते? तो वाळा. साप खरा, पण बिनविषारी. आणि ओलं, वळ्यावळ्यांचं, पण जबडा आणि दात असलेलं दिसलं तर ते देवगांडूळ, बेडकाच्या नात्यातलं. आंबोलीत सापडलेल्या त्याच्या एका जातीचं वर्णन २००३ साली प्रसिद्ध झालं. दोघांनाही होते तिथे सोडून द्या.

आता खरे कृमी. मोठे गट तीन: वळ्यांचे, चपटे आणि गोल.

वळ्यांचा म्हणजे आपलं गांडूळ, कुणी दानवं म्हणतं. अंग आखडतं, लांबतं, पुन्हा आखडतं. कोऱ्या कागदावर ठेवून कान जवळ न्या, बारीक खरखर ऐकू येते. प्रत्येक वळीवर आखूड, ताठ केस असतात, त्यांचा तो आवाज. तोंडाकडच्या बाजूला जाडसर पट्टा दिसला तर ते वयात आलेलं. एकाच अंगात नर-मादी दोन्ही, श्वास कातडीने, म्हणून सुकलं की संपलं. दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात, ही शाळेतली थाप. झालंच तर पुढचा तुकडा जगतो. खताच्या टाकीत शेतातली खोल बिळं करणारी गांडुळं घालू नका. मी पहिल्या वर्षी घातली, आठवड्याभरात टाकी रिकामी. पालापाचोळ्यात वरवर राहणारी लाल जात लागते.

जळूही याच घराण्यातली. दोन्ही टोकांना चूषक, त्यामुळे वीत-वीत मोजत चालते. तिच्या लाळेतल्या द्रव्याने रक्त गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही धार चालू राहते. लोक मीठ-तंबाखू लावतात. मी नख सपाट धरून आधी तोंडाकडचं टोक सरकवते, मग दुसरं. ओहोटीला पुळणीत वाळूच्या शेवयांसारखी वेटोळी दिसतात, ती समुद्रातल्या वळ्यांच्या कृमींची विष्ठा.

चपट्याने मात्र मला रडवलंय. दोन वर्षांपूर्वी आषाढात जावेने सुपारीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण) उचलली तर खाली वीतभर लांब, पट्टेदार, डोकं अर्धचंद्रासारखं पसरलेलं काहीतरी. आखडणं नाही, लांबणं नाही, चिकट रेघ सोडत तेल ओघळावं तसं सरकत होतं. तिने कोयत्याने तीन तुकडे करून खताच्या टाकीत टाकले, "कुजेल तिथे." चपट्याचा तुकडा कुजत नाही, त्याचं नवं डोकं उगवतं. आणि त्याचं खाणं काय, तर गांडुळं! श्रावण संपेपर्यंत माझी अर्धी टाकी ओस. म्हणून कापू नका, हातही लावू नका. याच्या काही जातींत अंग फुगवणाऱ्या केंड माशातलं विष सापडलंय. डब्यात घालून वर मूठभर मीठ टाका, झाकण लावा. पोटातला पट्टकृमीही चपट्यांतलाच.

गोल म्हणजे गुळगुळीत, वळ्या नाहीत, दोन्ही टोकं निमुळती. आखडता येत नाही, नुसता डावी-उजवीकडे फटकारे मारतो. वांग्याच्या मुळावर गाठी दिसल्या तर आत हेच, डोळ्याला न दिसणारे. तिथे पुढच्या हंगामात झेंडू लावा. पोरांच्या पोटातला मोठा जंत वीतभर भरतो. अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर, पण त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी तळव्यात शिरते आणि आतड्यात जाऊन रक्त पिते. १ ते १९ वर्षांच्या मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका.

आमच्या बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, आता चपलांचे चार जोड ठेवलेत. सासूबाई अजून अनवाणीच जातात. मी मागून चप्पल घेऊन धावते.