लग्नात पिण्याच्या पाण्याची सोय: बाटल्यांविना आणि बेतात

पाण्याचा विचार लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर कार्यालय आणि केटरर ठरवतानाच करावा. बहुतेक ठिकाणी ताटाच्या दरात २०० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या आधीच धरलेल्या असतात. म्हणून ‘बाटल्या नकोत, त्यांची रक्कम वजा करावी आणि स्टीलचे पेले द्यावेत’ असे करारातच लिहून घ्यावे. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे पेले, ताटल्या आणि चमचे यांवर बंदी आहे. बाटल्या मात्र त्या यादीत नाहीत, त्यामुळे हा निर्णय यजमानालाच घ्यावा लागतो.

आधी हिशेब मांडावा. उन्हाळ्यातले लग्न आणि चार-पाच तासांचा मुक्काम असेल, तर माणशी एक लिटर पाणी धरावे. ५०० पाहुण्यांना ५०० लिटर लागेल; त्यात वाजंत्री, वाढपी, गाड्यांचे चालक यांच्यासाठी शंभर लिटर मिळवले की वीस लिटरचे ३० जार होतात. समजा, जार ४० रुपयांना आणि छोटी बाटली ५ रुपयांना मिळाली, तर जारचे पाणी लिटरला २ रुपये आणि बाटलीचे २५ रुपये पडते. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब करून पाहावा. शिवाय बाटलीतले निम्मे पाणी अनेकदा तसेच टाकले जाते, हे प्रत्येक लग्नात दिसते आणि टंचाईच्या दिवसांत ते पाहवत नाही.

जार घ्यायचे असतील तर झाकणाचे सील शाबूत आहे ना आणि त्यावर आयएसआय चिन्ह आहे ना, हे उतरवून घेतानाच पाहावे. गावाकडे विहिरीचे किंवा टँकरचे पाणी वापरायचे असेल, तर ते प्रथम गाळून घ्यावे; गढूळ असल्यास तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि मगच क्लोरीनचे द्रावण वेष्टनावरील प्रमाणानुसार घालून किमान अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभाव कमी पडतो, म्हणून हा क्रम बदलू नये.

पाणी गार ठेवण्यासाठी माठासारखे साधन नाही. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत त्यामुळे पाणी उत्तम गार होते. कोकणातल्या दमट हवेत मात्र तेवढे होत नाही, तिथे स्टीलचे पिंप मोठ्या घमेल्यात ठेवून भोवती बर्फ रचावा. लादीचा बर्फ पाण्यात कधीही टाकू नये. नवे माठ साबण न लावता धुवावेत, दिवसभर पाण्याने भरून ठेवावेत आणि ते पाणी फेकून द्यावे. नंतर वाळूच्या थरावर, सावलीत पण वारा खेळेल अशा जागी, भोवती ओले फडके गुंडाळून मांडावेत. रात्रीच भरले तर सकाळी पाणी गार मिळते. वाळ्याची एक स्वच्छ धुतलेली जुडी आत सोडली की मंद सुगंध येतो. लग्नानंतर हेच माठ नातेवाइकांना वाटता येतात, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

पेल्यांच्या बाबतीत कागदी कपांचा मोह टाळावा, कारण त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि पुनर्वापर केंद्रे ते सहसा घेत नाहीत. मातीचे कुल्हडही एकदाच वापरून फेकायचे असतील, तर त्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. भांडीवाल्याकडून स्टीलचे पेले भाड्याने घ्यावेत. ५०० पाहुण्यांच्या पंगती दोन-तीन टप्प्यांत बसणार असतील, तर ३०० पेले पुरतात. बुफे असेल तर मात्र ६०० तरी हवेत, कारण माणूस पेला कुठेतरी ठेवतो आणि दुसऱ्या वेळी नवा घेतो. धुण्यासाठी तीन घमेली ठेवावीत: पहिल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे आणि तिसऱ्यात क्लोरीन मिसळलेले. पेले जाळीवर पालथे घालून निथळू द्यावेत, फडक्याने पुसू नयेत.

माठावर तोटी असावी, किंवा लांब दांड्याचे ओगराळे असावे. पेला माठात बुडवू देऊ नये. पंगतीत वाढप्याने जगमधून वरून धार धरून अर्धाच पेला भरावा आणि मागितल्यावर पुन्हा वाढावा. या एका सवयीने उष्टे पाणी पुष्कळ कमी होते. प्रवेशद्वारापाशी गूळपाण्यासोबत एक जागा, जेवणाजवळ दोन आणि वाहनतळावर एक, अशी मांडणी करावी. प्रत्येक जागी एक माणूस नेमावा, कारण वीस किलोचा जार उचलणे आणि पेले गोळा करणे हे कुणाच्या तरी नावावर असलेच पाहिजे. ज्येष्ठांसाठी टेबल कमरेच्या उंचीचे असावे.

कार्य आटोपल्यावर रिकामे जार मोजून परत करावेत, अनामत रक्कम घ्यावी, सील न उघडलेले जार परत घेण्याचे दुकानदाराशी आधीच ठरवलेले असावे आणि माठांत उरलेले पाणी अंगणातल्या झाडांना घालावे.