डेटा लॉगरची रेंज निवडताना या चुका टाळा

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका शीतगृहात द्राक्षांच्या खोलीचं तापमान स्क्रीनवर दिवसभर ०.० अंश होतं. रेघ अगदी सरळ. पेट्या मात्र हाताला हव्या तेवढ्या गार लागत नव्हत्या. सेन्सर बदलला, वायर बदलली, तरी शून्य ते शून्यच.

दोष डेटा लॉगरच्या (सेन्सरचा सिग्नल मोजून नोंदवणारं यंत्र) रेंजचा, म्हणजे तो मोजू शकतो त्या हद्दीचा होता. पीटी-१०० सेन्सरचा विद्युतरोध तापमानाबरोबर वाढतो आणि ० अंशाला बरोबर १०० ओहम असतो. त्यातून १ मिलिअँपिअर करंट सोडला की १०० मिलिव्होल्ट मिळतात. लॉगरची रेंज होती ±१०० मिलिव्होल्ट. खोली शून्याच्या वर गेली की सिग्नल रेंजबाहेर जायचा आणि आकडा वरच्या टोकाला अडकून बसायचा. खरं तापमान कधीच इतकं स्थिर नसतं. कॉम्प्रेसर चालू-बंद झाला तरी रेघ हलते. म्हणून न हलणारी रेघ दिसली की आधी रेंज बघा.

यावर बहुतेक जण करतात ती दुसरी चूक: ‘मोठी रेंज लावली की काळजी नाही’ म्हणून सरळ ±१० व्होल्ट. या शीतगृहातही तेच केलं. १६ बिटचा लॉगर २० व्होल्टचे ६५,५३६ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ०.३ मिलिव्होल्टची. पीटी-१०० एका अंशाला देतो जेमतेम ०.३९ मिलिव्होल्ट. आकडा पाऊण अंशाच्या उड्या मारू लागला. द्राक्षं उणे १ ते ० अंशात ठेवायची असतात, तिथे पाऊण अंश म्हणजे जवळजवळ सगळी मुभाच गेली! स्क्रीनवर दशांशानंतर दोन आकडे दाखवून यात काही सुधारत नाही.

शेवटी ±२०० मिलिव्होल्टवर काम जमलं. पायरी ०.०२ अंशाच्या आत आली आणि खोली तापली तरी सिग्नल आत राहिला.

माहितीपत्रकात अचूकता बऱ्याचदा ‘रेंजच्या टक्के’ अशी लिहिलेली असते, हे फार थोडे जण वाचतात. समजा ती ०.०२ टक्के आहे. १० व्होल्टच्या रेंजवर ती २ मिलिव्होल्ट, म्हणजे ५ अंशांची चूक. २०० मिलिव्होल्टवर ०.१ अंश. यंत्र तेच, सेन्सर तोच.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्यांवर के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडाचा तापमान-सेन्सर) असतं. ते अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्टच देतं, त्यामुळे ±१० व्होल्टवर त्याची एक पायरी ७ अंशांहून मोठी पडते.

४-२० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर (सेन्सरचं मोजमाप करंटच्या रूपात पाठवणारं यंत्र) २५० ओहमच्या रेझिस्टरवर १ ते ५ व्होल्ट देतो, पण रेंज नेमकी ५ व्होल्टची लावू नका. बिघाड झाला की बरेच ट्रान्समीटर २१ मिलिअँपिअर किंवा जास्त देतात, म्हणजे ५.२५ व्होल्टच्या पुढे. तो इशाराच कापला जाईल.

रेंज ठरवल्यावर सेन्सर काढून त्याच्या जागी १०० ओहमचा अचूक रेझिस्टर लावा, ०.० दिसायला हवं. मग १०३.९ ओहमचा लावा, १०.० यायला हवं. दुसऱ्यालाही ०.० आलं, तर लॉगर टोकाला अडकलेला आहे.