सर्व्हिस खोल टाका, मधल्या पट्ट्यात थांबायला शिका

वीस वर्षं बॅडमिंटन खेळून मी पिकलबॉलकडे वळलो, तेव्हा दोन सवयी बरोबर घेऊन आलो. सर्व्हिस जाळीला जेमतेम चुकवून जायची आणि ती केली की पाय आपोआप पुढे पळायचे. वहिनी आणि मी जोडीने खेळतो. पहिले कित्येक महिने आमचे गुण एकाच जागी जात होते: किचनची रेषा आणि बेसलाइन (कोर्टाची मागची रेषा) यांच्यामधल्या १५ फुटांत, चेंडू थेट माझ्या बुटांपाशी. किचन म्हणजे जाळीलगतचा पट्टा, तिथे उभं राहून टप्पा न पडलेला चेंडू मारता येत नाही. मी मधल्या पट्ट्यातल्या फटक्यांचा सराव वाढवत राहिलो. मूळ दुखणं माझ्या सर्व्हिसमध्ये आहे, हे फार उशिरा उमगलं.

सर्व्हिसची चौकट १० फूट रुंद आणि १५ फूट खोल असते. माझा टप्पा तिच्या मध्यावर पडायचा. समोरचा पुढे येता येताच चेंडू घ्यायचा, लांब परतवायचा आणि दोन ढांगांत किचनपाशी जोडीदाराशेजारी उभा राहायचा. आम्ही दोघं मात्र बेसलाइनवर. आता हीच सर्व्हिस बेसलाइनजवळ पडली तर? त्याला मागच्या पायावर तोल ठेवून मारावं लागतं. रिटर्न आखूड पडतो, तो स्वतः किचनपाशी उशिरा पोचतो आणि तिसरा फटका मला कोर्टाच्या आत उभं राहून मारता येतो. मधला पट्टा निम्मा तिथेच पार होतो.

म्हणून सरावाची सुरुवात खोलीपासून करा, दिशा नंतर. एक जुना टॉवेल घडी करून समोरच्या बेसलाइनच्या ३ फूट आत, चौकटीच्या मधोमध ठेवा. २० सर्व्हिस करा. टॉवेलला चेंडू लागतो का, हे बघू नका. टप्पा टॉवेलच्या पातळीवर किंवा त्याच्या मागे पडून आत राहिला का, एवढंच मोजा. मला सुरुवातीला २० पैकी ६ जमल्या. १४ होईपर्यंत मी कोपऱ्यांकडे पाहिलंही नाही. टॉवेल रेषेला चिकटवून ठेवायचा मोह होतो, पण सर्व्हिसला दुसरी संधी नसते. बाहेर गेली की हक्क गेला. ३ फुटांची जागा हाताच्या चुकीसाठी राखून ठेवलेली असते.

खोली येते ती उंचीतून. मी आधी नुसता जोर लावत होतो आणि चेंडू जाळीत जात होता. हा भोकांचा प्लास्टिकचा चेंडू हवेत फार लवकर वेग गमावतो, त्यामुळे त्याला कमान द्यावी लागते. जाळी मध्यभागी ३४ इंच आणि कडेला ३६ इंच असते. तिच्यावर तेवढीच आणखी एक जाळी आहे असं समजा आणि चेंडू त्या वरच्या जाळीच्या काठावरून जाऊ द्या. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येऊ द्या आणि फटक्यानंतर हात लक्ष्याच्या दिशेने वर जाऊ द्या. मनगटाचा झटका नको, त्याने दर वेळी वेगळं काहीतरी होतं. चेंडू हातातून मारताना तुमची लय बिघडत असेल तर ड्रॉप सर्व्हिस करून पाहा: चेंडू नुसता सोडायचा, फेकायचा किंवा खाली ढकलायचा नाही, आणि टप्पा पडून वर आल्यावर मारायचा. वहिनी तशीच करतात आणि त्यांची सर्व्हिस माझ्यापेक्षा स्थिर आहे.

आता दिशा. समोरचा उजव्या हाताने खेळणारा असेल तर तुमच्या उजव्या बाजूने सर्व्हिस करताना त्याचा बॅकहँड मधल्या रेषेकडे असतो, डाव्या बाजूने करताना कडेच्या रेषेकडे. डावखुरा असेल तर सगळं उलट. म्हणून खेळ सुरू होण्याआधी दोघांचं पॅडल कोणत्या हातात आहे ते बघून ठेवा. कडेची सर्व्हिस मी रेषेच्या २ फूट आत धरतो आणि जपून वापरतो, कारण ती चुकून आखूड पडली तर समोरच्याला तिरका मोठा कोन मिळतो. त्यापेक्षा मला आवडते ती अंगावरची सर्व्हिस, थेट उजव्या कमरेवर. फोरहँड घ्यायचा की बॅकहँड हे ठरवण्यात त्याचा क्षण जातो आणि पॅडल अंगाशी अडकतं.

सर्व्हिस झाली की पुढे पाऊल टाकू नका. रिटर्नचा टप्पा पडू देणं तुम्हाला भागच आहे. मी आत सरकायचो आणि लांब रिटर्न माझ्या टाचांमागे पडायचा. आता मी उलट एक पाऊल मागे घेतो. रिटर्न आखूड दिसला तर पुढे धावणं सोपं असतं. उलट्या पावलांनी मागे जाणं अवघड, आणि त्यात तोल जाऊन पडण्याची भीती असते.

आता तो १५ फुटांचा पट्टा. तिथे रेंगाळू नये असं सगळे सांगतात, आणि ते ऐकून माणूस मान खाली घालून पळत सुटतो. माझं मत वेगळं आहे. हा पट्टा दोन-तीन टप्प्यांत पार करायचा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर थांबावंच लागतं. समोरचा फटका मारायच्या क्षणी तुम्ही जिथे असाल तिथे थांबा: छोटीशी उडी, दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे वाकलेले, पॅडल पुढे आणि खाली. किचनपर्यंत एकच पाऊल उरलेलं असलं तरी थांबा. पळत्या पायांनी घेतलेला चेंडू उंच उडतो आणि उंच उडालेला चेंडू तुमच्याच पायांवर परत येतो.

थांबल्यावर एकच गोष्ट बघायची: चेंडू जाळीपेक्षा खाली आहे की वर. खाली असेल तर हल्ला विसरा. पॅडलची पकड इतकी सैल करा की कुणी ओढलं तर ते सुटेल. पॅडलचा सपाट भाग थोडा वरच्या बाजूला कललेला ठेवा आणि गुडघ्यांतून व खांद्यातून हलकेच उचलून चेंडू त्यांच्या किचनमध्ये सोडा. मधोमध सोडलात तर बरं, तिथे जाळी २ इंच खाली असते. जाळीच्या वर आलेला चेंडू जोरात मारण्यापेक्षा त्यांच्या पायांशी मारा. आणि खांद्याच्या उंचीवर जोरात येणारा चेंडू सोडून द्यायला शिका. मागे बेसलाइन आहे, असे बरेच चेंडू बाहेर जातात. हे सोडणं मला सगळ्यात जड गेलं, कारण बॅडमिंटनमध्ये मधल्या कोर्टात खांद्यावर आलेलं फूल म्हणजे स्मॅश.

पुढे कधी जायचं हे फटका मारणाऱ्याला नीट दिसत नाही, त्याची नजर चेंडूवर असते. आमच्यात मी ड्रॉप, म्हणजे किचनमध्ये हलकेच सोडलेला फटका, मारला की वहिनी ठरवतात. चेंडू खाली पडतोय असं दिसलं की "चला, भाऊजी", आणि दोघंही एकदम पुढे. उंच उडाला तर "थांबा". आम्ही एकमेकांना दुसरं काही सांगत नाही, आणि एक पुढे, एक मागे असं उभं राहणं त्यामुळे जवळपास थांबलं.

सरावासाठी दोघांत ७-११ खेळा. एकाने किचनपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने मधल्या पट्ट्यात. चेंडू किचनवाला देतो. त्याला जिंकायला ११ गुण लागतात, मधल्याला ७. मधल्याने प्रत्येक चांगल्या फटक्यानंतर पुढे सरकायचं आणि समोरच्याने मारायच्या आधी थांबायचं. मग जागा बदला. मी पहिल्या आठवड्यात ३ गुणांच्या पुढे गेलो नव्हतो, कारण प्रत्येक चेंडूवर मला जिंकायचं होतं. ७ गुण झाले त्या दिवशी मी एकही चेंडू जोरात मारला नव्हता.