बारा लाखांपर्यंत शून्य प्राप्तिकर : पगारदाराने आपला हिशेब कसा तपासावा

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सादर केलेल्या अर्थसंकल्पामुळे २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत (कमी दरांच्या, पण मोजक्याच वजावटींच्या) बारा लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकर भरावा लागत नाही. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा १२,७५,००० रुपये होते. मात्र बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, हा समज बरोबर नाही. करमुक्त टप्पा चार लाखांचाच आहे. त्यापुढील चार लाखांवर ५ टक्के आणि नंतरच्या चार लाखांवर १० टक्के दराने जो ६०,००० रुपयांचा कर निघतो, तो कलम ८७अ खालील सवलतीने माफ होतो. पुढची सारी काळजी घ्यावी लागते ती या फरकामुळेच.

प्रथम वर्षभराचा एकूण पगार मांडावा, त्यातून ७५,००० रुपये वजा करावेत आणि मग मुदत ठेवींचे व बचत खात्याचे व्याज, घरभाडे यांसारखे इतर उत्पन्न मिळवावे. बहुतेकांची चूक होते ती या शेवटच्या पायरीवर. समजा, पगार १२,६०,००० रुपये आहे आणि ठेवींवर २५,००० रुपये व्याज मिळाले आहे. व्याजाची माहिती न दिल्यास कार्यालय केवळ पगार पाहून टीडीएस (उत्पन्न देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापणार नाही, आणि वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांच्या आत असल्याने बँकही कापणार नाही. प्रत्यक्षात मात्र करपात्र उत्पन्न १२,१०,००० रुपये झालेले असते. अशा वेळी ६१,५०० रुपयांचा पूर्ण कर द्यावा लागत नाही, कारण सीमांत सवलतीमुळे बारा लाखांवरच्या रकमेइतकाच, म्हणजे १०,००० रुपये, कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे एकूण १०,४०० रुपये भरावे लागतात. ही सवलत साधारण १२,७०,००० रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला उपयोगी पडते.

या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया करातच जातो. म्हणून वेतनरचनेत मालकाकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत) भरल्या जाणाऱ्या रकमेची सोय आहे का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्यावे; मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंतची अशी रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. कर्मचाऱ्याने स्वतः भरलेल्या रकमेला तेथे वजावट नाही, तशीच ती कलम ८०सी खालील विमा, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) यांसारख्या गुंतवणुकीलाही नाही. शेअर विक्रीवरील विशेष दराच्या भांडवली नफ्याला ही करमाफी लागू होत नाही, आणि अनिवासी भारतीयांना तर ती मुळीच मिळत नाही, हे परदेशी नोकरी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उत्पन्न १२,७५,००० रुपयांच्या आत आणि केवळ पगाराचेच असेल, तर जुन्या प्रणालीशी तुलना करत बसण्यात अर्थ नाही. त्यापुढे मात्र घरभाडे भत्ता, गृहकर्जाचे व्याज आणि ८०सी या तिन्हींचा भरघोस लाभ घेणाऱ्यांनी दोन्ही हिशेब करून पाहावेत. नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ती विवरणपत्रात निवडता येते, परंतु त्यासाठी ते मूळ मुदतीतच भरावे लागते.

कर शून्य असला तरी एकूण उत्पन्न चार लाखांहून अधिक असल्यास विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. ते भरण्यापूर्वी कार्यालयाने दिलेला फॉर्म १६ (पगार व कापलेल्या कराचा दाखला) हा प्राप्तिकर खात्याकडील २६एएस (जमा झालेल्या कराचे विवरण) आणि वार्षिक माहिती पत्रकाशी ओळीओळीने ताडून पाहावा. वर्षात नोकरी बदललेली असेल तर दोन्ही ठिकाणचे फॉर्म १६ एकत्र मांडावेत, कारण दोन्ही कार्यालयांनी प्रमाणित वजावट स्वतंत्रपणे धरलेली असण्याची शक्यता असते. जादा कापलेला टीडीएस परत मिळवण्यासाठी बँक खाते प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्यावे आणि विवरणपत्र सादर केल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची ई-पडताळणी करावी.